लाल रंग कसा सांडतो हे ठाऊक असलेला गायक: जिंजर रूट

आंतरपाटावरचं कुंकवाचं स्वस्तिक लग्नाच्या व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटवर कधीच रेखीव दिसलं नाही. पांढऱ्या कापडावरचा तो लाल रंग आपली रेघ सोडून बाजूला सांडायचा. मास्टर म्हणजे कट मारून तयार केलेली पहिली कॅसेट. मास्टरवरून कॉपी, त्या कॉपीवरून मुलाकडच्यांसाठी आणखी एक कॉपी, असं करत गेलं की शेवटच्या कॅसेटवर नुसता गुलाबी डाग उरायचा. १९८८ साली बारावीच्या सुट्टीत मी ठाण्याला नौपाड्यात काकांच्या हाताखाली लग्नाच्या शूटिंगला जायला लागलो. दोन सीझन नुसती सनगन, म्हणजे शूटिंगचा प्रखर दिवा, धरली, मग कॅमेरा खांद्यावर आला तो आजवर उतरलेला नाही. त्यामुळे जुन्या कॅसेटची नक्कल केलेला कुठलाही व्हिडिओ समोर आला की माझी नजर आधी लाल रंग शोधते.

दोन महिन्यांपूर्वी लेकीनं मोबाइल पुढे केला. "बाबा, हे कधीचं असेल? सांग बघू." आखूड चौकोनी फ्रेम, जपानी अक्षरं, की-बोर्डमागे उभा राहून गाणारा चष्मेवाला तरुण. मी लाल रंग बघितला, चेहऱ्यावरचा उजेड बघितला आणि म्हटलं, "पंच्याऐंशीच्या आसपासचं. जपानी टीव्हीवरून कुणीतरी उतरवून घेतलेलं दिसतंय."

"२०२४ चं आहे. आणि तो जपानी नाही, कॅलिफोर्नियाचा आहे."

तेव्हापासून मी जिंजर रूट ऐकतो आणि बघतो आहे. त्याचा 'शिनबांगुमी' हा अल्बम मी विकत घेतला, सगळे व्हिडिओ बघितले, काही तर फ्रेम थांबवून थांबवून. हे लिहायला बसलो कारण मराठीत त्याच्याबद्दल कुणी सांगितलेलं माझ्या वाचनात आलं नाही, आणि ज्यांनी कधी टीव्हीच्या मागच्या वायरी जोडल्या आहेत अशा प्रत्येकानं हे बघावं असं मला मनापासून वाटतं.

जिंजर रूट हे एका माणसाचं काम आहे. कॅमेरॉन ल्यू त्याचं नाव, चिनी वंशाचा अमेरिकन, कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बीचचा. गाणी तो लिहितो, वाद्यं बहुतेक स्वतःच वाजवतो, गातो, आणि व्हिडिओचं दिग्दर्शनही करतो. चॅपमन विद्यापीठात त्याचं शिक्षण चित्रपटाचं झालंय आणि ते पदोपदी कळतं. दिग्दर्शनात डेव्हिड गुटेल हा त्याचा जुना साथीदार असतो. आपल्या संगीताला त्यानं स्वतःच नाव दिलंय, 'ॲग्रेसिव्ह एलिव्हेटर सोल'. लिफ्टमध्ये किंवा हॉटेलच्या लॉबीत हळू आवाजात वाजतं तसलं गुळगुळीत संगीत, पण अंगावर येणाऱ्या जोरानं वाजवलेलं. मुळात ही वाट जपानच्या सिटी पॉपची, म्हणजे सत्तरच्या शेवटापासून ऐंशीच्या दशकभर तात्सुरो यामाशितासारख्या मंडळींनी केलेल्या शहरी, चकचकीत गाण्यांची. त्याला यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या जपानी बँडच्या सिंथेसायझरचा शेजार.

जपानी भाषा तो नंतर शिकला. व्हिडिओत संवाद जपानीत, गाणी बरीचशी इंग्रजीत.

आता गोष्टीकडे येतो, कारण त्याची गाणी सुटी नाहीत. २०२२ च्या सप्टेंबरात त्याचं 'निसेमोनो' नावाचं छोटं रेकॉर्ड आलं. निसेमोनो म्हणजे नकली. गोष्टीतलं साल १९८३. किमिको ताकेगुची नावाची एक लोकप्रिय गायिका आहे (ती काल्पनिक, अर्थातच) आणि आपला हा तिच्यासाठी गाणी करणारा, पडद्यामागचा माणूस. ती ऐनवेळी ठरवते की मला हे आयुष्य नको, आणि निघून जाते. मग पडद्यामागच्या या माणसालाच पुढे उभं राहून गावं लागतं. त्याचा पुढचा भाग म्हणजे 'शिनबांगुमी', म्हणजे 'नवा कार्यक्रम'. घोस्टली इंटरनॅशनल या कंपनीनं तो १३ सप्टेंबर २०२४ ला काढला. इथे साल १९८७ झालंय. टीव्ही कंपनीत संगीताचं काम बघणाऱ्या या माणसाला नोकरीवरून काढून टाकतात आणि तो स्वतःचीच कंपनी काढतो, 'जिंजर रूट प्रॉडक्शन्स'. व्हिडिओ एकापुढे एक बघत गेलं की मालिका होते.

नोकरीवरून काढलेला माणूस आपली कंपनी काढतो, इथपर्यंत आलो आणि मी व्हिडिओ थांबवला. काका दादरला एका फोटो स्टुडिओत अकरा वर्षं होते. व्हिडिओचं वेड त्यांनी त्या मालकांना लावलं, कॅमेरा आणायला लावला, आणि वर्षभरात मालकांनी दुसरा माणूस ठेवून यांना घरी बसवलं. काकांनी काकूंच्या पाटल्या गहाण ठेवल्या आणि नौपाड्यात एक खोली भाड्यानं घेतली. दहा बाय बाराची, पिठाच्या गिरणीच्या वर. दोन व्हीसीआर (कॅसेट चालवायची आणि भरायची यंत्रं), एक मॉनिटर, एक मिक्सर, एक टेबल. गिरणी चालू झाली की जमीन थरथरायची. व्हीसीआरचं झाकण कितीही घट्ट लावा, टेप वाचणाऱ्या हेडवर पिठाचा पातळ थर बसायचाच, आणि मग पडद्यावर मुंग्या. म्हणून आमचं मिक्सिंग रात्री नऊनंतर, गिरणी बंद झाल्यावर. दरवाजाच्या फटीला ओलं फडकं लावायचं, स्पिरिट घेऊन शामी कापडानं हेड पुसायचं, आणि मग कामाला बसायचं. शेजारी झोपलेले असायचे, त्यामुळे आवाज अगदी बारीक ठेवून.

ते मिक्सिंग काय असायचं हे आज सांगून पटत नाही. एका व्हीसीआरवर मूळ कॅसेट, दुसऱ्यावर मास्टर. मूळ कॅसेट हवी त्या जागी आणायची, जरा मागे घ्यायची, दोन्हीकडची पॉझ एका क्षणी सोडायची. टेप धरायला यंत्राला वेळ लागतो, तो मनातल्या मनात मोजायचा. एकदा मारलेला कट पुसता येत नाही. तासाच्या कॅसेटमध्ये पंचेचाळिसाव्या मिनिटाला चूक सापडली तर तिथून पुढचं सगळं पुन्हा. त्यामुळे आम्ही कट कमी मारायचो आणि विचार करून मारायचो. आत्याबाईंचा चेहरा पुरता बघून झाला की मगच पुढचा शॉट.

जिंजर रूटच्या व्हिडिओत मला सगळ्यात आधी जाणवलं ते हेच. आज कॉम्प्युटरवर एका सेकंदात चार कट मारणं फुकट आहे, तरी तो शॉट पुरता बघू देतो. ज्या काळाचं दाखवायचं त्या काळच्या संकलकाइतकाच संयम तो पाळतो. जुनेपणा रंगात आणणं सोपं आहे, कटांच्या वेगात आणायला तो काळ आतून समजावा लागतो.

माझ्याकडे प्री-वेडिंगला येणारी जोडपी हल्ली 'रेट्रो' मागतात. ॲपमधलं बटण दाबलं की पडदाभर आडव्या रेघा नाचतात, कोपऱ्यात तारीख येते, रंग पिवळट होतो. खऱ्या चांगल्या कॅसेटवर रेघा नाचत नसत, टेप ताणली गेली किंवा ट्रॅकिंग, म्हणजे हेडची टेपवरची वाट, सरकलं तरच नाचायच्या, आणि त्या घालवायला आम्ही जिवाचं रान करायचो. व्हीएचएसचा खरा स्वभाव वेगळा. उजेड-अंधाराचा तपशील तो बऱ्यापैकी धरतो, म्हणजे आडवा मोजला तर साधारण २४० रेषांइतका. रंगाचा तपशील मात्र त्याच्या कितीतरी कमी, कारण टेपवर मावावा म्हणून रंगाचा भाग दाबून अगदी अरुंद जागेत बसवलेला असतो. म्हणून नाकाची कड दिसते आणि ओठांची लाली ओठांबाहेर जाते. ही गोष्ट ज्याला माहीत आहे तो माणूस आधी कपडे निवडतो, भिंतीचा रंग निवडतो, दिवा कुठे ठेवायचा ते ठरवतो, आणि टेपचा परिणाम त्यानंतर. ल्यूच्या फ्रेममध्ये लाल, हिरवा, तपकिरी हे रंग असे बसवलेले असतात की सांडले तरी एकमेकांच्या अंगावर छान सांडतात.

मोबाइलवर बघून माझं समाधान होईना. दुकानात मी दोन डबा टीव्ही अजून ठेवलेत. एक काकांच्या वेळचा, एक नव्वदच्या शेवटाला घेतलेला एकवीस इंची. नव्या यंत्रातलं चित्र जुन्या टीव्हीला देणारा काड्यापेटीएवढा एचडीएमआय-टू-एव्ही कन्व्हर्टर आणला, पिवळी-पांढरी-लाल पिन जोडली. त्या डबीच्या कडेला नखानं सरकवायचं एक बारीक बटण असतं, एका बाजूला पाल, दुसऱ्या बाजूला एनटीएससी. डबा टीव्हीच्या काळात आपलं दूरदर्शन पाल पद्धतीचं होतं, ६२५ रेषा, सेकंदाला २५ फ्रेम. जपानचं एनटीएससी, ५२५ रेषा, सेकंदाला जवळपास ३०. मी बटण जपानच्या बाजूला सरकवलं. काकांच्या टीव्हीवर चित्र वर-वर पळायला लागलं, मागचं व्ही-होल्ड, म्हणजे पळणारं चित्र थांबवायचं बटण, फिरवून थांबवलं तर रंग गायब, सगळं काळंपांढरं. त्या टीव्हीला ही भाषा येतच नाही. एकवीस इंचीवर मात्र चित्र उभं राहिलं, रंगासकट.

आणि ते बघताना मी खुर्ची पुढे ओढून बसलो. मोबाइलवर जी अक्षरं जरा जाड आणि बोजड वाटली होती ती काचेवर बरोबर बसली. तेव्हाचे टायटल करणारे अक्षरांना जाडी आणि कडा का द्यायचे, तर काचेवर बारीक रेघ थरथरते म्हणून. चेहऱ्याच्या कडेनं येणारा उजेड किंचित पसरला. माझ्या दुकानातल्या त्या टीव्हीनं कितीतरी वर्षांत असं चित्र दाखवलं नव्हतं. शक्य असेल त्यानं हा प्रयोग करून बघावाच.

गाण्यांबद्दल. ल्यूचा आवाज सतत टेलिफोनमधून आल्यासारखा येतो, वरचा आणि खालचा भाग कापलेला, मधलाच ठेवलेला. जुना लँडलाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे पोचवायचा, तसा. पहिल्यांदा मला हे नुसतं सोंग वाटलं. मग हेडफोन लावून ऐकलं आणि मंगल कार्यालयातला भोंगा आठवला. भटजींची मंगलाष्टकं त्या भोंग्यातून अशीच यायची, ना खर्ज ना झंकार, पण शंभर बायकांच्या बोलण्यातून आणि बँडच्या आवाजातून शब्द स्पष्ट ऐकू यायचा. इथेही तेच घडतं. आवाज अरुंद केल्यामुळे खाली बास गिटारला आणि वर सिंथेसायझरला मोकळं अंगण मिळतं. बास तर या अल्बमचा खरा नायक आहे. 'नो प्रॉब्लेम्स' आणि 'बेटर दॅन मंडे' एका मागोमाग ऐका, आणि गाण्याकडे लक्ष न देता फक्त बासच्या मागे चाला. तो गाण्याला धरून पळतो, वळणावर थांबतो, पुन्हा हात धरतो.

'देअर वॉज अ टाइम' माझं सगळ्यात आवडतं, शांत बसून ऐकायचं. 'सीएम' ही मध्येच येणारी छोटीशी चीज. जपानमध्ये टीव्हीवरच्या जाहिरातीला सीएम म्हणतात, म्हणजे अल्बममध्ये चक्क जाहिरातीची विश्रांती आहे. शेवटच्या 'टेक मी बॅक'च्या कंसात 'ओवाकारे नो जिकान' लिहिलंय, निरोपाची वेळ. रात्री प्रक्षेपण संपताना निवेदिका हात जोडायची ते ज्यांना आठवतं त्यांना हा शेवट वेगळा समजावून सांगायला नको.

तीन गोष्टी खटकल्या त्याही सांगतो. तो टेलिफोनचा आवाज अख्खा अल्बम तसाच राहतो. दोन-तीन ठिकाणी, विशेषतः संथ गाण्यात, त्यानं तो उतरवून ठेवला असता आणि एकदा उघड्या गळ्यानं गायला असता तर काळजाला भिडलं असतं. दुसरं, नुसतं ऐकणाऱ्याला गोष्ट पूर्ण कळत नाही. गाडीत लावून ऐकलं तर छान गाणी एवढंच हाती लागतं, व्हिडिओ बघितल्याशिवाय अर्धा माल मिळालेलाच नाही. तिसरं जरा माझ्या अनुभवातून आलेलं. स्वतःचा धंदा उभारणाऱ्या माणसाची पैशाची चिंता मला आणखी दिसायला हवी होती. काकांच्या खोलीत टेबलाच्या खणात एक वही होती, कुणाचं किती येणं बाकी त्याची, आणि त्या खोलीतला प्रत्येक हसण्याचा आवाज त्या वहीच्या समोर निघालेला होता.

पण या माणसाबद्दल मला जी माया वाटते तिचं कारण वेगळंच आहे. त्याच्या गोष्टीत नायक कोण आहे बघा. गाणी लिहून देणारा, कार्यक्रमाचं संगीत सांभाळणारा, ज्याचं नाव शेवटच्या पाटीवर बारीक अक्षरात जातं तो. मी छत्तीस-सदतीस वर्षांत हजारावर लग्नं शूट केली. त्या कॅसेटमध्ये मी कुठेही नाही. एका फ्रेममध्ये, आरशात, सनगन धरलेला माझा हात आहे. त्यातल्या बऱ्याच मास्टर आता उरल्याही नाहीत. पावसाळ्यात बुरशी लागली, आणि वीसेक कॅसेट मी डीव्हीडी करायला एकाकडे दिल्या होत्या, त्यानं बुरशी लागलेली टेप तशीच यंत्रात घातली आणि तुकडे परत दिले. त्यात माझ्या बहिणीचं लग्न होतं. तेव्हापासून जुन्या चित्राची हौस म्हणून कुणी थट्टा केली की मला लागतं. ल्यू थट्टा करत नाही. त्या काळच्या टीव्हीतले कामगार त्याला प्रिय आहेत. 'निसेमोनो', नकली, असं नाव त्यानं स्वतःच्या कामाला उघड देऊन टाकलं आणि मग त्या नकलीत एवढी मेहनत घातली की माझ्यासारख्याची पारख चुकली.

बघायचं असेल तर क्रम सांभाळा. आधी 'निसेमोनो', मग 'शिनबांगुमी'. दोन्हींचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत, भाषांतराच्या ओळी चालू करा. गाणी आवडली तर बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या वेबसाइटवर विकत घ्या, मी तिथूनच घेतली. एकटा माणूस एवढं करतो तेव्हा त्याच्या गल्ल्यात दोन पैसे पडायला हवेत.

मागच्या रविवारी काकांना दुकानात आणलं. ते आता शहात्तर वर्षांचे आहेत, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जिना चढणं बंद, पण दुकान तळमजल्यावर. कोपीनेश्वराच्या दर्शनाला त्यांना रिक्षानं नेलं होतं, येताना इथे थांबलो. काही न सांगता एकवीस इंचीवर 'नो प्रॉब्लेम्स' लावलं. काका दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "थांबव." मी थांबवलं. ते उठले, काठी टेबलाला टेकवली आणि गायकाच्या केसांच्या कडेवर काचेवरच बोट ठेवलं.

"मागून लाइट दिलाय बघ. केस भिंतीपासून सुटे झाले. तू कार्यालयात कधी द्यायचास?"

"तिथे वेळ कुठे मिळायचा, काका?"

"यानं काढलाय." ते परत बसले. "कुठल्या साली झालं हे?"

मी साल सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग टीव्हीकडे. हा मुलगा गाणीही स्वतः करतो, वाजवतो, नोकरी गेलेल्या माणसाची गोष्ट आहे, सगळं सांगितलं. नोकरी गेल्याचं ऐकून त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मग पहिल्यापासून दाखव."

पुन्हा 'निसेमोनो'पासून सुरुवात केली. दुपारचे साडेतीन वाजले होते, रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न चालू होते. गिरणी जाऊन तिथे मोबाइलचं दुकान झाल्यालाही आता दहा वर्षं होतील. पहिलं गाणं सुरू झालं तसे काका पुन्हा उठले, टीव्हीपाशी गेले आणि आवाजाचं बटण शोधून तो अगदी बारीक करून ठेवला.